यांची नवी भाषा

“समज, ही कात्री म्हणजे बॅग,” हे म्हणाले आणि माझ्या हातातली कात्री काढून घेऊन त्यांनी ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

“अहो, मी अस्तर कापतेय!”

“एकच मिनिट. हा कप म्हणजे पट्टा. सरकता पट्टा. बॅग पट्ट्यावर आली. आता हा चष्मा म्हणजे तपासणीचं मशीन…”

“तो माझा चष्मा आहे. तुमचा घ्या की, नाकावर आहे तुमच्या.”

“माझा काढला तर मला बॅग कशी दिसणार?”

हे आमच्या घरी रोजचं. आपण विमानतळावर बॅग देतो, ती पट्ट्यावरून पडद्याआड जाते आणि आपल्याच विमानात चढते, किंवा चढत नाही. त्या पडद्याआड कुठली बॅग कुठे वळवायची हे ठरवणारा प्रोग्रॅम यांची कंपनी लिहिते. म्हणजे बरीच वर्षं हेच लिहितात. हल्ली आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात जातात, बाकीचे दिवस घरच्याच मागच्या खोलीत बसतात. मी पुढच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर असते. कोट सैल करायचा, पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, असली दुरुस्तीची कामं करते. नवीन कपडा शिवत नाही. लोकांनी बिघडवलेलं सरळ करणं मला जास्त आवडतं.

यांच्या ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एक पिवळं रबरी बदक असतं. चेष्टा नाही, त्यांच्या धंद्यातली रीतच आहे ती. प्रोग्रॅम अडला की माणसं बदकाला समोर घेतात आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगतात. बदकाला काही कळायची गरज नसते. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच आपली चूक सापडते. यांनाही एक बदक मिळालं होतं. ते यांनी आमच्या मुलीला बादलीत खेळायला देऊन टाकलं. “बदकाशी काय बोलायचं?” म्हणाले. “घरी तू आहेस की.” हे माझं कौतुक होतं की आणखी काही, ते मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली तरी माझं ठरलेलं नाही.

तर मी यांचं बदक. माझं काम एवढंच, की ‘हं’ म्हणायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते. मध्येच प्रश्न विचारला तर हे चिडणार. गप्प बसलं तर “ऐकतेस ना?” म्हणणार. आणि चुकीच्या जागी ‘हं’ म्हटलं तर थबकून म्हणणार, “हं काय? इथे तर बॅग हरवली!” मग अर्ध्या वाक्यात यांची नजर छताकडे जाते, “अरेच्चा!” म्हणतात, आणि उठून चालायला लागतात. माझी कात्री बॅग होऊन तिथेच पडलेली असते.

एकदा तर यांनी माझी बटणंच वापरली. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या कोटाची बटणं एका डबीत, बोटीवरच्या एका निवृत्त कप्तानांच्या कोटाची दुसऱ्या डबीत. दोन्ही कोट निळे, दोन्ही बटणं तपकिरी. यांनी ती सगळी टेबलावर ओतली, दोन विमानांच्या बॅगा म्हणून इकडून तिकडे फिरवली, “अरेच्चा!” म्हणाले, आणि जाताना शहाण्यासारखी डब्यांत परत भरली. मी डबीवरच्या चिठ्ठ्या वाचून बटणं शिवली. आठवड्याने मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि म्हणाल्या, “कोटाच्या बटणांवर नांगर कसले हो? मुलं मला सलाम ठोकायला लागलीत.” मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बदलून देते म्हटलं तर म्हणाल्या, “नको, राहू द्या. मागच्या बाकावरचीसुद्धा उठून उभी राहतात.” कप्तानांना समजावता समजावता मात्र माझ्या नाकी नऊ आले.

एवढं सगळं असून खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. हे एरवी भलते घुमे. जेवताना “मीठ दे” आणि झोपताना “दिवा घालव” यापलीकडे शब्द खर्च करायचे नाहीत. पण बॅग अडली की हा माणूस माझ्यासमोर बसून हातवारे करत बोलायचा. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण ते माझं होतं.

एके संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते बूट न काढताच माझ्यासमोर उभे.

“मॅडमनी बोलावलं होतं.”

यांच्या मॅडम आमच्या मुलीहून लहान आहेत. चांगल्या आहेत, यांना ‘सर’ म्हणतात, त्यामुळे हे आणखी घाबरतात.

“काढतायत की काय?” मी सुई खाली ठेवली.

“नाही गं. एक नवी भाषा आलीय. प्रोग्रॅमची. आपला सगळा कारभार जुन्या भाषेत आहे, आणि जो तो नव्या भाषेचं गुणगान गातोय. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही महिनाभर वापरून बघा, आणि शिकण्यासारखी आहे का ते सांगा. तुम्ही हो म्हणालात तर सगळा विभाग शिकेल. नाही म्हणालात तर विषय बंद.”

“तुम्हीच का?”

“म्हणाल्या, तुम्हाला काही आवडलं तर ते खरंच चांगलं असणार.”

हे मात्र मॅडमनी बरोबर ओळखलं होतं. आम्ही फ्रिज घ्यायला गेलो होतो तेव्हा यांनी दुकानात त्याचं दार इतक्या वेळा उघडलं आणि लावलं, की शेवटी दुकानदाराने यांना खुर्ची दिली. आतला दिवा दार लावल्यावर खरंच विझतो का, हे बघायला यांनी फटीतून मोबाईल आत ठेवून चित्रीकरण केलं. मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले होते. ओळख दाखवायची सोय नव्हती.

“पण या वयात नवी भाषा?” हे बुटांची नाडी सोडत म्हणाले. “उरलेत किती दिवस नोकरीचे? जुनीत माझं सगळं चाललंय. नाहीच म्हणणार बघ मी. पण नीट बघून नाही म्हणणार.”

पहिले काही दिवस तर आमच्या घरात रणधुमाळीच होती. हे तिकडे जे काही लिहितात, ते आधी कंपायलर नावाचा एक प्रोग्रॅम वाचतो आणि पसंत पडलं तरच मशीनच्या भाषेत उतरवतो. जुन्या भाषेतला कंपायलर यांच्यासारखाच घुमा. काही दिलं तरी मुकाट घ्यायचा, आणि मग चार महिन्यांनी कुठल्यातरी विमानतळावर एखाद्या नवरीचे कपडे भलत्याच देशात जायचे. नव्या भाषेतला मात्र एक ओळ पुढे सरकू देत नव्हता.

“काय बाई हा छळ!” हे तरातरा पुढच्या खोलीत आले. बाई मी होते, छळ तो करत होता. “म्हणतो, ही बॅग तुम्ही वापरू शकत नाही. का? तर म्हणे, ती तुम्ही वरच्या ओळीत दुसऱ्याला देऊन टाकलीत. अरे, माझी बॅग, मी देईन नाहीतर ठेवीन!”

“मग दिलीत का तुम्ही?”

“दिली. पण मला परत हवी होती.”

“मग उसनी द्यायची.”

“तसंच म्हणतो तो! उसनी द्या म्हणतो! आणि उसनी दिली की परत येईपर्यंत तिला हात लावू नका म्हणतो!” हे माझ्या मशीनसमोर फेऱ्या मारत होते. “समज, ही तुझी कात्री. मी उसनी घेतली.”

“घेतलीत.”

“आता मी परत करेपर्यंत तू कापायचं नाहीस.”

“तेच चाललंय इतकी वर्षं. मग परत कधी करताय?”

हे हातातल्या कात्रीकडे बघत राहिले, मग ती मुकाट्याने माझ्या हातात देऊन मागे गेले. लग्नानंतर पहिल्यांदा माझी वस्तू मला जागेवर परत मिळाली. मला वाटलं, भाषा काही वाईट दिसत नाही.

ते दिवस माझे मजेत गेले. दिवसातून सहासहा वेळा हे तणतणत यायचे, कंपायलरच्या नावाने बोटं मोडायचे, आणि मी ‘हं’ म्हणत बाह्या उसवायचे. मी माझ्या ताईला फोनवर म्हटलंसुद्धा, “अगं, हे हल्ली काय बोलतात! लग्न ठरलं होतं तेव्हाही इतके बोलले नव्हते.”

मग हळूहळू येणं कमी झालं.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. कामं मात्र भराभर उरकायला लागली. एक लोकरी कोट शनिवारी द्यायचा होता, तो गुरुवारीच इस्त्री करून टांगला. मला वाटलं, वा, हात बसला आपला. मग ध्यानात आलं, की दोन दिवसांत माझी कात्री कोणी उचललीच नाही.

मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. हे स्क्रीनकडे तोंड करून बसले होते. स्क्रीनवर खूप काही लिहिलं होतं, रंगीत रेघा होत्या, बाण होते. हे ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि वाचता वाचता मान हलवून म्हणत होते, “हं.”

“कोणाला हं म्हणताय?”

“अं? काही नाही. हा बघ ना कसा सांगतो.” यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. “जुना नुसता म्हणायचा, अमक्या ओळीत चूक. आणि तीही वेगळ्याच ओळीत असायची. हा म्हणतो, इथे तुम्ही बॅग दिलीत, इथे परत मागताय, म्हणून अडलंय. आणि खाली बघ, असं करून बघता का, म्हणतो. काय अदब आहे!”

मी कप ठेवला आणि निघाले. यांनी “साखर कमी आहे” हेसुद्धा म्हटलं नाही. घालायची विसरलेच होते मी.

ताईला फोन केला. ताई म्हणजे तोंडाने फटकळ.

“म्हणजे सवत आली म्हण की घरात!”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच नाही. तो त्यांचं सगळं ऐकून घेतो, चूक दाखवतो, वर रागवत नाही. तू रागवतेस.”

“मी कुठे रागवते? मी हं म्हणते.”

“तेच तर. तो उत्तर देतो. बाई असती तर जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्यास. इथे काय उपटणार, वायर?”

मी हसले, फोन ठेवला, आणि मला फार वाईट वाटलं. सरळ सांगते, मला हेवा वाटला. डोळ्यांवर चष्मा आलेली, गुडघे दुखणारी बाई मी, आणि कुठल्या प्रोग्रॅमचा हेवा करतेय! पण वाटला. एक दिवस मी मुद्दाम यांच्या समोरच्या टेबलावर कात्री, बटणांची डबी, दोन रिकामे कप असं मांडून ठेवलं. यांनी ते बाजूला सरकवलं आणि वहीसाठी जागा केली.

महिना संपत आला. मॅडमना उत्तर द्यायचं होतं त्याच्या आदल्या दुपारी हे पुढच्या खोलीत आले. खुर्ची ओढून माझ्या मशीनसमोर बसले. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, अडली वाटतं बॅग.

“उद्या सांगायचंय,” हे म्हणाले.

“मग?”

“मला ठरवता येत नाहीये. तू सांग. शिकू का?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“तसं नाही. नाही म्हणायलाही कारणं आहेत. सगळं पहिल्यापासून लिहायचं म्हणजे निवृत्त होईपर्यंत मान वर काढता येणार नाही. जुनं चालतंयच. बॅगा काय, अधूनमधून हरवतात, लोकांना सवय आहे. तू नको म्हणालीस तर उद्या नाही म्हणून येतो. मला चालेल.”

आयतीच संधी आली होती. ‘नको’ माझ्या जिभेवर होतं. वयाचं निमित्त होतं, डोळ्यांचं होतं. यांनी ऐकलंही असतं. विभागाने जुनीच भाषा ठेवली असती आणि सोमवारपासून माझी कात्री पुन्हा पट्ट्यावर गेली असती.

“आणि हो म्हणायला काय कारण आहे?” मी विचारलं.

यांनी माझ्या खडूचा तुकडा उचलला, बोटांत फिरवला.

“तुला सांगितलं नव्हतं,” म्हणाले. “गेली दोन-तीन वर्षं मला भीती वाटायची. पूर्वी मी तुझ्याकडे यायचो ते सवयीने. अलीकडे डोक्यात राहायचंच नाही गं. एक बॅग पट्ट्यावर ठेवली की आधीची कुठे ठेवली ते आठवायचं नाही. म्हणून टेबलावर मांडून बघायचो. मला वाटायचं, संपलं आपलं. मॅडमच्या लक्षात यायच्या आत स्वतःहून सोडावी नोकरी.”

“मला का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. “जगातल्या सगळ्या बॅगा सांगितल्यात, आणि हे नाही?”

“काय सांगणार? बॅगेचं सांगता सांगता चूक सापडते. याचं सांगून काय सापडणार होतं?”

इतकी वर्षं मी यांच्यासमोर बसून ‘हं’ म्हणत होते, आणि माणूस घाबरलाय हे मला दिसलं नव्हतं.

“आता?” मी म्हटलं.

“आता मी विसरलो तरी त्याच्या लक्षात असतं. ओरडत नाही, हसत नाही. बघा, ही बॅग तुम्ही तिकडे दिलीत, एवढंच म्हणतो. परवा बसलो आणि एका बैठकीत पूर्ण भाग लिहून झाला. कॉलेजात असताना व्हायचा तसा. मला वाटलं, अरे, आहे की अजून आपलं डोकं!”

हे हसले. इतकं मोकळं हसताना मी यांना फार दिवसांनी बघत होते. त्या चेहऱ्याकडे बघून ‘नको’ म्हणवेना.

“शिका,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. आणि बाकीच्यांनाही शिकवा. त्या नवरीचे कपडे तरी जागेवर जाऊ देत.”

“का म्हणतेस पण? कारण सांग.”

“तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. फ्रिजसारखं दार उघडून बघत बसू नका आता.” असं म्हणून मी मशीन सुरू केलं, कारण मशीन चालू असलं की माणसाला बोलावं लागत नाही. हे गेल्यावर मी थोडं रडले. कोट मात्र बाजूला ठेवून रडले. लोकरीवरचा डाग निघत नाही.

यांनी मॅडमना होकार दिला. मॅडम इतक्या चकित झाल्या की त्यांनी दोनदा विचारून घेतलं. आता हे विभागाला शिकवतात. ऑफिसात यांना मान वाढलाय, चालही जरा ताठ झालीय. घरात मात्र शांतता. माझी कामं वेळेआधी होतात. गिऱ्हाईकं खूश आहेत, आणि मी रेडिओ लावते आणि बंद करते.

परवा दुपारी मी पाणी शिंपडत इस्त्री करत होते. मागच्या खोलीतून हाक आली, “अगं, ऐकतेस का?”

मी इस्त्री बंद केली, ओले हात पदराला पुसले आणि निघाले, ती इतक्या घाईने, की वाटेतल्या दोऱ्यांच्या टोपलीला पाय लागला आणि रिळं घरभर झाली. दारात पोचले तर हे मागे न बघताच म्हणाले, “राहू दे, राहू दे. सुटलं. त्यानं लिहिलंय इथे.”

“बरं,” म्हटलं आणि परत फिरले. वाकून दोन रिळं उचलली. तिसरं सोफ्याखाली गेलं होतं, त्यासाठी गुडघे टेकले आणि तिथेच मला माझा राग आला. यांनी एवढी मोठी भीती पोटात ठेवली म्हणून मी यांच्यावर ओरडले होते, आणि मी काय वेगळं करत होते? रिळं तशीच टाकून मी मागच्या खोलीत गेले, स्टुलावरचे यांचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि बसले.

“सांगा,” मी म्हटलं.

“काय?”

“काय अडलं होतं ते.”

“अगं, सुटलं ना ते!”

“तुमचं सुटलं. मला कुठे माहीत आहे? पहिल्यापासून सांगा.”

हे वळले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

“तुला कळतं का त्यातलं काही?”

“काही नाही.”

“मग?”

“तुम्ही सांगत असलात की मला बरं वाटतं,” मी म्हटलं. “एवढंच. इतके दिवस नव्हते बोलले, आज बोलले.”

स्क्रीनवर ते सगळं उत्तर बाणांसकट तयार होतं. यांनी हात पुढे करून स्क्रीन बंद केली, खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.